जावयाची गाडी, सत्तरच्या आत

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने पहिल्यांदा तो विषय काढला तेव्हा आम्ही सगळे आईकडे अंबरनाथला जेवायला बसलो होतो. रविवार होता, सुक्या बोंबलाचं कालवण होतं आणि पंख्याखालची जागा नेहमीप्रमाणे त्याला मिळाली होती. पेट्रोल, डिझेल, गॅस सगळ्याच्याच नावाने लोक बोटं मोडत होते. तो भात कालवत म्हणाला, "ताई, माझं ऐका. सरकारनं हायवेवरची स्पीड लिमिट खाली आणावी. सत्तर. सत्तरच्या वर कुणीच जायचं नाही. मग बघा देशाचं किती तेल वाचतं."

मी म्हटलं, "मग एवढे रुंद रस्ते बांधले कशाला? गुरं चारायला?"

"रस्ता रुंद झाला म्हणून तेल स्वस्त होत नाही ना, ताई. शंभरच्या पुढे गेलात की गाडी निम्मी ताकद वाऱ्याशी भांडण्यात घालवते."

"आणि माणसाचा वेळ? तो काय फुकट येतो?"

आई वाढत होती. तिने पातेलं हातात धरूनच निकाल दिला, "जावई बरोबर बोलतान." आणि कालवणातला उरलेला बोंबील त्याच्या ताटात घातला.

राग मला त्या बोंबलाचा आला नाही. खोटं कशाला बोलू, आलाच. पण त्याहून जास्त आला तो ‘बरोबर’ या शब्दाचा. आईने माझ्या बाबतीत तो शब्द वापरलेला मी ऐकलेला नाही. मी काही बोलले की ती म्हणते, "तुझा तुना ठाव." म्हणजे तुझं तुलाच माहीत. सासूला जावयाचं कौतुक असतं हे मलाही कळतं. माझ्या नवऱ्याचंही तिला होतं, नव्या नवलाईचे दिवस सरेपर्यंत. पण हा जावई काही जुना व्हायलाच तयार नव्हता.

आम्ही तिघी एका रेषेत राहतो. धाकटी उल्हासनगरला, विठ्ठलवाडीच्या बाजूला. मी बदलापूरला, बेलवलीत. आई मधे अंबरनाथला, वडिलांनी भातशेती गेल्यावर बांधलेल्या दोन खोल्यांत. वडील गेल्यापासून ती तिथे एकटीच असते आणि दोघींपैकी कुणाकडे राहायला ये म्हटलं की तिला तुळशीला पाणी घालायचं आठवतं. नकाशात बघाल तर ती आमच्या दोघींच्या बरोबर मधे आहे. नकाशावर किती विश्वास ठेवायचा ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या घराण्यात गाडी पहिल्यांदा मी घेतली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच बघते. म्हणजे रंगाचे डबे भरलेला ट्रक कुठे अडकला, कधी सुटला, कधी पोचणार, यावर दिवसभर फोनवर भांडते. गाडी वेळेत पोचली पाहिजे, याशिवाय मला दुसरा धर्म नाही. चाळिशी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले आणि गॅसवर चालणारी पांढरी गाडी दारात आणली. आईला पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता ही म्हातारी अख्ख्या गल्लीला सांगत सुटेल, माझ्या थोरलीने मला फिरवलं म्हणून.

तिने काहीच सांगितलं नाही. तीनचार वेळा बसली. दारावरचा दांडा घट्ट धरून समोर बघत राहायची आणि उतरताना म्हणायची, "आलो एकदाचे." पाचव्या वेळेला तिने गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तेवढ्यात धाकटीच्या नवऱ्याने गाडी घेतली. तीच कंपनी, तोच गॅस, तोच पांढरा रंग. अहो, रंग तरी वेगळा घ्यायचा! त्याचं उल्हासनगरला गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. त्यामुळे त्याच्या गाडीला मखमली कव्हरं आणि आईच्या पाठीला मखमली उशी. आईचा गुडघा त्या गाडीत मात्र अजिबात दुखेना.

दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही वणीच्या गडावर जातो. आईचा नेम आहे. कल्याणहून पडघ्याला बाहेर पडायचं, नाशिकचा रस्ता धरायचा, कसारा चढायचा, नाशिक मागे टाकून दिंडोरीवरून वर. माझा नवरा येत नाही. देव सगळीकडे असतो, मग घाटात जाऊन कशाला शोधायचा, असं त्याचं तत्त्वज्ञान आहे आणि त्याआड त्याला रविवारी झोपायचं असतं. म्हणजे माझी गाडी रिकामी. तरी आई निघताना म्हणायची, "मी जावयांच्या गारीत बसतंय. माझी पिशवी तू ने."

पिशवीत नारळ, खण, साडी, पुऱ्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या. जडच असायची. ती मी पुढच्या सीटवर ठेवायचे, आणि गाडीला वाटायचं माणूस बसलंय. पट्टा लावला नाही की ती टिंगटिंग वाजत राहायची. शेवटी मी आईच्या पिशवीला सीटबेल्ट लावायचे आणि निघायचे. आई त्यांच्याकडे आणि पिशवी माझ्याकडे, असे आम्ही दरवर्षी देवीला जायचो.

मी शंभरच्या आसपास चालवायची. नाशिकला पोचेपर्यंत गॅस किती उरला ते दाखवणारे स्टिअरिंगजवळचे दिवे शेवटच्यावर यायचे, मग पंपावर रांगेत उभं राहायचं, नियमाप्रमाणे गाडीतून खाली उतरून उन्हात थांबायचं. तरीही गडाच्या पायथ्याशी नांदुरीला पहिली मीच. एका टपरीवर बसून चहावर चहा ढोसत त्यांची वाट बघायची. ते यायचे रमतगमत, सत्तरच्या आत, वाटेत कुठेही गॅस न भरता. गाडीतून उतरता उतरता धाकटीचं सुरू व्हायचं, "ताई, आईनं आज काय काय बघितलं! खर्डीच्या पुढे मोर बघितला. एक बाई डोक्यावर आख्खं कपाट घेऊन चाललेली. आणि इगतपुरीला ढग असा खाली आलेला ना!" आई बाजूला उभी राहून लहान मुलीसारखी हसत असायची.

मीही त्याच रस्त्याने आले होते. मी ट्रकचे पार्श्वभाग सोडून काही बघितलं नव्हतं. आणि मोर बघितला असता तरी सांगितला कुणाला असता, पिशवीला?

जळते मी, हे मला कबूल आहे. लहानपणीही जळायचे. धाकटीला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा आई तिच्या उशाशी बसून राहायची, तर मला वाटायचं आपल्यालाही दोन फोड यावेत. मोठं झालं की माणूस जळायचं थांबतं असं म्हणतात. मी काही थांबले नाही, फक्त जळायला चांगली कारणं शोधायला शिकले. स्पीड लिमिट हे तसंच एक चांगलं कारण होतं.

मग वर्षभर आमच्या घरच्या ग्रुपवर तेच चाललं. त्याने गाडीला अडवणाऱ्या हवेचं चित्र टाकायचं, मी ट्रॅफिकचं टाकायचं. मी म्हणायची, बोर्ड लावून कुणी ऐकलंय का आजवर? शाळेपुढच्या बोर्डाला लोक जुमानत नाहीत, हायवेच्या बोर्डाला जुमानतील? तो म्हणायचा, "साईं, सुरुवात तर करा." दिवसभर सिंधी गिऱ्हाइकांत बसून त्याच्या तोंडात साईं बसलाय, मेव्हणीलाही साईं म्हणतो. मी म्हणायची, हळू गाड्यांनी रस्ता भरून जाईल. तो म्हणायचा, जाऊ दे भरून, तेल तर वाचेल. धाकटी दोघांच्या मेसेजला अंगठे दाखवायची. आईकडे साधा फोन आहे, तिला यातलं काही दिसत नव्हतं, तरी तिचं मत मला ठाऊक होतं.

खरी गोम अशी की तो चुकीचं बोलत नव्हता आणि हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. डिस्पॅचला मी रोज बघते. ज्याचा ट्रक स्वतःचा आणि डिझेलही स्वतःचं, त्याचा पाय हलका असतो. तो साठच्या पुढे सहसा जात नाही, कितीही फोन करा. ज्याचं डिझेल मालकाचं आणि वेळेचा दट्ट्या माझ्यासारखीचा, तो पळवतो आणि जास्त जाळतो. म्हणजे हळू गेलं की तेल वाचतं, यात वाद नाही. वाद आहे तो, वाचलेलं तेल कुणाच्या पदरात पडतं आणि गेलेला वेळ कुणाच्या ताटातून जातो, हा. ड्रायव्हर घरी पोचेपर्यंत त्याची पोरं झोपलेली असली, तर त्याच्या बायकोला देशाचं वाचलेलं तेल दाखवून काय उपयोग? हा मुद्दा मी ग्रुपवर टाकला तर त्याने खाली हात जोडलेले दोन पंजे टाकले. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण पहिली अर्धी गोष्ट, तो बरोबर असल्याची, मी मेले तरी टाकणार नव्हते. ‘बरोबर’ म्हणायला त्याला माझी आई पुरे होती.

गेल्या दिवाळीनंतर निघायचं ठरलं तेव्हा त्याने मला डिवचलं. आईच्या ओट्यावर बसलो होतो. म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा सत्तरच्या आत चालवून बघा. पण नाही, तुमच्याच्यानं होणारच नाही. तुमचा पाय तुमचंही ऐकत नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "इथून गडापर्यंत तुमच्या मागे येते. एकदासुद्धा ओव्हरटेक करणार नाही. आरशात बघत राहा मला."

"आणि जमलं तर?"

"जमलं तर परतताना आई माझ्या गाडीत. पिशवी तुमच्याकडे."

तो हसला. धाकटीही हसली. आई म्हणाली, "मी काय कबड्डीतली ढाल हाय का?" पण नाही म्हणाली नाही. माझ्याकडे जराशी बघत राहिली आणि मग आत निघून गेली. मला तेवढंच पुरे होतं. गुडघ्याचं निमित्त निघाल्यापासून ती मी बोलावलं म्हणून आली नव्हती. जिंकून आणली तर येणार होती. आपल्याच आईला पैजेत जिंकून आणायचं, यात काही लाज वाटायला हवी होती, ती मला त्या दिवशी वाटली नाही.

पहाटे आम्ही दोघांनी एकाच पंपावर गॅस भरला. पहाटे प्रेशर चांगलं असतं, हे इकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मग निघालो. पुढे त्यांची पांढरी गाडी, मागे माझी पांढरी गाडी, आणि माझ्या शेजारी पट्टा लावलेली पिशवी.

सत्तरच्या आत चालवणं म्हणजे काय छळ असतो हे ज्याला घाई नसते त्याला कधी कळणार नाही. पडघ्याच्या पुढे मला दुधाच्या टेम्पोने मागे टाकलं. कोंबड्यांच्या गाडीने मागे टाकलं, कोंबड्या माझ्याकडे बघत गेल्या. एका खडखडणाऱ्या ट्रकने हॉर्न देऊन मागे टाकलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, ‘अति घाई संकटात नेई.’ मी त्याला खिडकीतून असा एक शब्द दिला, जो डिस्पॅचमध्ये चालतो, देवीच्या वाटेवर चालत नाही.

पण छळ तो नव्हता. छळ समोर होता. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला आईचं डोकं दिसत होतं आणि त्याला लागून धाकटीचं. धाकटीचा हात सारखा खिडकीकडे जायचा, काहीतरी दाखवायचा. आईचं डोकं तिकडे वळायचं. मग धाकटी तिच्या कानाशी वाकून बोलायची आणि दोन्ही डोकी हलायची, हसल्यासारखी. तासन्‌तास मी ते बघत होते. आवाज नाही, नुसतं चित्र. आसनगावला माहुलीचे सुळके उन्हात असे लख्ख दिसत होते की मलाही मान वळवावीशी वाटली, पण मी मुद्दाम नाही वळवली. दोन्ही बाजूंना भात कापणीला आला होता. पुढच्या गाडीत बोट वर झालं, डोकं वळलं. माझ्याही आईचा जन्म भातात गेला, हे मलाही ठाऊक आहे, पण तो भात तिला दाखवायचा मान धाकटीचा. कसाऱ्याच्या चढावर तर मला वाटलं, सरळ हॉर्न वाजवून दोघींची डोकी वेगळी करावीत.

पैज मात्र मी मोडली नाही. नाशिक आलं तरी गॅसचे दिवे अजून शिल्लक होते. जिथे दरवर्षी मी उन्हात रांगेत उभी राहायची तो पंप बाजूने निघून गेला. मी कुणाला दिसत नव्हते, तरी चेहरा सरळ ठेवला. नांदुरीला पोचल्यावर धाकटीच्या नवऱ्याने खाली उतरून मला हात जोडले, "मानलं, ताई." मी म्हटलं, "दिवे बघून जा हवं तर." त्याने खरोखर आत वाकून बघितले आणि असा खूश झाला, जणू ते दिवे त्यानेच लावले होते. जिंकूनही त्याचंच खरं झालं होतं. ही माझ्या नशिबाची तऱ्हा.

गडावर ट्रॉलीने गेलो, दर्शन झालं. आईने नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले, गर्दी पुढे ढकलत होती तरी तिचे डोळे देवीवरून निघेनात. मी मनात म्हणत होते, चल गं, लवकर चल, आता माझी पाळी.

परतताना पिशवी मी स्वतः त्याच्या डिकीत टाकली. आई माझ्या शेजारी बसली. मी तिचा पट्टा लावला, पाठीला उशी दिली. मखमली नव्हती, पण नवी होती. निघाले ती पन्नास-साठने. म्हटलं, जावयापेक्षा हळू चालवून दाखवते. त्यांची गाडी आमच्या मागे ठेवली.

आई बोलायला लागली. माझ्या गाडीत आई बोलतेय, याचंच मला अप्रूप. म्हणाली, "त्या शेतात काय चाललाय गो?"

"भात कापतायत."

"कापतान का झोडतान?"

मी बघितलं. "कापतायत."

मग तिने सांगितलं, लग्नानंतर वडील तिला पहिल्यांदा गडावर घेऊन आले ते भाजीच्या ट्रकमधून, कोबीच्या पोत्यांवर बसवून. मला हे कधीच ठाऊक नव्हतं. मी हसले, म्हटलं, "आई, हे कधी सांगितलं नाहीस!"

"धाकटीला ठाव हाय," ती म्हणाली.

पुढे म्हणाली, आता मी भजनाला जायची बंद झाले. का गं? संध्याकाळी नको वाटतं. कधीपासून? "झाले बरेच दिस. धाकटीला ठाव हाय." शेजारीण घर विकून चालली, धाकटीला ठाव हाय. वडिलांची आवडती शिवी कुठली होती, तेही धाकटीला ठाव हाय. आईने माझ्यासमोर मांडलेली प्रत्येक गोष्ट धाकटीची उष्टी होती. त्यांच्या सत्तरच्या आतल्या गाडीत वर्षानुवर्षं ती निवांत सांगून झाली होती. शिळ्या कढीला ऊत आणून मला वाढत होती आणि मी चवीने खात होते.

माझं डोकं फिरलं. घोटीच्या अलीकडे रस्ता सरळ लागतो. माझा पाय खाली गेला. ऐंशी, नव्वद. मागची पांढरी गाडी आरशात बारीक होत गेली. मला बरं वाटलं. निदान रस्त्यावर तरी त्यांना मागे टाकता येत होतं.

आईचं बोलणं थांबलं. हात वरच्या दांड्याकडे गेला. तीच जुनी बसायची पद्धत, समोर टक लावून.

मी म्हटलं, "आता का गप्प?"

"हलू चालव गो."

"का? गॅस वाचवायचाय जावयांचा?"

तिने दांडा आणखी घट्ट धरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दिसत नाय मना."

"काय दिसत नाही?"

"गारी पलाली का सगला येकच होतं. नुसता पट्टा. हलू असली का थोरा थोरा दिसतं. झार हाय, मानूस हाय, तवरा तरी कलतं."

मी पाय काढून घेतला. गाडी डाव्या अंगाला घेतली, ट्रकांच्या मागे. तिने मग सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्याने मधलं दिसतं, कडेचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. काचबिंदू. तपासणीचं शिबिर लागलं होतं तिथे ती रिक्षाने एकटीच गेली होती. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, उरलेली थेंबांवर टिकेल तेवढी. थेंब ती न चुकता घालते. मी विचारलं, कधीची गोष्ट ही? ती म्हणाली, "तुझ्या गारीत बसायची बंद झालू ना, तवाची."

गुडघा नव्हता. मखमली उशी नव्हती, जावयाचा लाड नव्हता, त्याच्या तेलाच्या हिशेबाशी तर तिचं काही देणंघेणं नव्हतं. जे काही दिसायचं उरलंय ते बघून घ्यायला तिला हळू जाणारी गाडी हवी होती, आणि घरात हळू चालवणारा तो एकटाच होता.

आणि एवढं ऐकून माझ्या तोंडून पहिला प्रश्न कुठला यावा? मी विचारलं, "धाकटीला ठाऊक आहे?"

"नाय," आई म्हणाली. "तिला नको सांगूस. ती ररत बसंल. आन जावई दुसऱ्या दिवशी गारी घेऊन दारात. घराला कुलूप. माझ्या घरात मना दिसाया नाय लागत, सगला हाताला ठाव हाय."

"धाकटी सगळं दाखवत असते तुला गाडीतून."

"तिला वाटतं मना हौस हाय." आई हसली. "मोर दिसला नव्हता. ती बोलली मोर, मी बोलले मोर."

"मग मला का सांगितलंस?"

"तुना कारन दिल्याबिगर तू हलू चालवनार हायस का?"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. ते आम्हाला गाठून बाजूने पुढे निघाले होते. धाकटीच्या नवऱ्याने खिडकीतून माझ्याकडे बोट नाचवलं, पकडलं म्हणून. माझा वेग त्याने लांबून बघितला होता. धाकटीने शेंगांचा पुडा दाखवून तोंड भरून हात हलवला. मीही हलवला. त्यांची गाडी आमच्या पुढे आली आणि त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू लागली. मी तिच्या मागे राहिले.

धाकटीला ते सगळं पुढे कळलंच, मीच आईला राजी करून सांगितलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. पण त्या दिवशी इगतपुरीपासून अंबरनाथपर्यंत ते एकट्या माझ्याकडे होतं. मी आईला डोंगर सांगत होते, बकऱ्या सांगत होते, उतारावर बंद पडलेला ट्रक आणि त्याच्याखाली झोपलेला ड्रायव्हर सांगत होते. आई मान वळवून म्हणत होती, हो, हो, दिसला. खरंच दिसत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आईने धाकटीला न सांगितलेली एक तरी गोष्ट मला सांगावी, यासाठी मी जन्मभर झुरले होते. ती आता मिळाली होती. समोरच्या गाडीत धाकटी नवऱ्याच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती, त्याला एकेक भरवत होती आणि कशाला तरी खदखदून हसत होती, कारण तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी तिच्यावर आयुष्यभर जळत आले, पण त्या संध्याकाळी जळले तितकी कधीच नाही.